नव्या घराचे अर्थिंग आणि बाँडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन घराचे अर्थिंग ठरवण्याची योग्य वेळ बहुतेकांना वाटते त्यापेक्षा फार आधी येते. ती पायाचे काँक्रीट पडण्याआधी येते, मीटर बसवताना नाही. घर बांधणारे लोक वायरमनला आणि इंजिनिअरला जे प्रश्न विचारतात, किंवा विचारायला हवेत, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे आहेत. प्रत्यक्ष काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. पण तो काय करतो आहे आणि का, हे तुम्हाला कळायला हवे.

अर्थिंग आणि बाँडिंग, दोन्ही एकच ना?

नाही. उपकरणाचा धातूचा सांगाडा संरक्षक वायरने मेन बोर्डातल्या अर्थ बारशी (सगळ्या अर्थ वायरी येऊन मिळतात ती धातूची पट्टी) आणि तिथून जमिनीशी जोडणे म्हणजे अर्थिंग. फेज (वीज आणणारी जिवंत तार) सांगाड्याला लागली, तर करंटला परतीची वाट मिळावी आणि पुरवठा तुटावा, हे त्याचे काम. घरातल्या धातूच्या वस्तू, म्हणजे पाण्याचे पाइप, गॅसचा पाइप, पोलादी सांगाडा, एकमेकांशी आणि त्याच अर्थ बारशी जोडणे म्हणजे बाँडिंग. पुरवठा तुटेपर्यंतच्या त्या क्षणभरात तुमचा एक हात गीझरवर आणि दुसरा नळावर असेल, तर दोन्हींमध्ये व्होल्टेजचा धोकादायक फरक असू नये, यासाठी ते असते. एक केले म्हणून दुसरे टाळता येत नाही.

प्रत्येक सर्किटला एमसीबी आहे. शॉकपासून तेवढे पुरे नाही का?

पुरे नाही. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की पडून पुरवठा तोडणारा स्विच, वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ०.२ अँपिअर म्हणजे काहीच नाही. माणसाच्या शरीरातून मात्र ०.०३ ते ०.०४ अँपिअरपेक्षा जास्त करंट काही काळ वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडू शकते. साधारण ०.०१ अँपिअरलाच स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही.

करंट जमिनीत गेला की संपला ना?

सगळ्यात जास्त गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत, म्हणून जरा सविस्तर.

करंट जमिनीत "जिरत" नाही. तो जिथून निघाला तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे (करंटच्या परतीच्या तारेकडे), परत जातो. जमीन ही परतीची फक्त एक वाट आहे, आणि तांब्याच्या वायरशी तुलना केली तर फारच वाईट वाट.

एक उदाहरण घेऊ. घराला स्वतःचा अर्थचा खड्डा (जमिनीशी जोडणारा पाइप किंवा प्लेट पुरलेली जागा) आहे, त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २० ओहम. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध २ ओहम. वॉशिंग मशीनमध्ये फेजची वायर घासून सांगाड्याला लागली. आता करंट किती? २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअरच्या आसपास. त्या सर्किटला १६ अँपिअरचा एमसीबी आहे. तो पडणार नाही. एका मिनिटाने नाही, एका तासाने नाही, कधीच नाही. मशीनच्या सांगाड्यावर सुमारे २०९ व्होल्ट उभे राहतील आणि खड्ड्याभोवतीच्या मातीत दोन किलोवॉटहून जास्त उष्णता जात राहील. ती माती वाळेल, खड्ड्याचा रोध आणखी वाढेल. ओल्या पायांनी कोणी मशीनला हात लावला आणि शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर त्याच्यातून ०.२ अँपिअर जातील. आणि हे घर "अर्थिंग केलेले" आहे. खड्डा आहे, पट्टी आहे, हिरवी वायर आहे.

म्हणून नव्या घराच्या मालकाने खड्डा किती खोल खणला हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: फॉल्ट (फेज सांगाड्याला लागण्यासारखा दोष) झाला तर पुरवठा कोण तोडणार, आणि किती वेळात?

मग पुरवठा तोडतो कोण?

दोन मार्ग आहेत. एक, परतीची वाट धातूची आणि इतकी कमी रोधाची ठेवायची, की करंट एकदम शेकड्यांत जाईल आणि एमसीबी तत्क्षणी पडेल. सी प्रकारचा एमसीबी खात्रीने लगेच पडायला त्याच्या रेटिंगच्या दहापट करंट लागतो. १६ अँपिअरला १६० अँपिअर, म्हणजे पूर्ण वाटेचा रोध साधारण १.४ ओहमपेक्षा कमी हवा. नुसत्या खड्ड्याच्या भरवशावर हे घरगुती जागी जवळपास अशक्य आहे.

दुसरा मार्ग आरसीसीबीचा. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलीअँपिअरला पोहोचला की ठरलेल्या वेळात, म्हणजे ३०० मिलीसेकंदांच्या आत, पुरवठा तोडतो. फरक त्याच्या पाचपट असेल तर ४० मिलीसेकंदांत. वरच्या वॉशिंग मशीनच्या घरात हा असता, तर मशीनला कोणी हात लावायच्या आधीच पुरवठा गेला असता.

आमच्या घराला कोणती पद्धत लागू आहे हे कसे ओळखायचे?

पुरवठा देणाऱ्या कंपनीला लेखी विचारा. अंदाज बांधू नका. मुख्य पद्धती तीन. टीएन-एसमध्ये कंपनी न्यूट्रलशिवाय वेगळा अर्थ कंडक्टर देते. टीएन-सी-एसमध्ये एकच तार न्यूट्रल आणि अर्थ दोन्हींचे काम करत येते आणि घराच्या प्रवेशापाशी दोन्ही वेगळे होतात. टीटीमध्ये कंपनीकडून अर्थ मिळत नाही, घराचा खड्डा हाच अर्थ. टीटी असेल तर आरसीसीबीशिवाय घर सुरूच करू नये. हे माझे मत नाही, वरचा हिशेब आहे.

न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे की नाही?

टीएन-सी-एसमध्ये जोडायचे, पण एकाच ठिकाणी, सर्व्हिसच्या प्रवेशापाशी. टीटी आणि टीएन-एसमध्ये घरात कुठेही नाही. आणि कोणत्याही पद्धतीत आतल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात, सॉकेटमागे किंवा उपकरणात तर मुळीच नाही. पुढे दुसरा जोड झाला की रोजच्या वापराचा न्यूट्रल करंट अर्थच्या वायरींतून, पाइपांतून, सांगाड्यांतून वाहू लागतो आणि आरसीसीबीचे गणितही चुकते.

जुन्या बांधकामात सॉकेटच्या अर्थपिनला न्यूट्रलच जोडलेला पाहिला. "चालते" म्हणतात.

चालते, न्यूट्रल शाबूत आहे तोवर. न्यूट्रलचा एक स्क्रू सैल होऊन वायर सुटली, की फेज उपकरणाच्या आतून फिरून न्यूट्रलवर येते आणि त्या जोडातून थेट सांगाड्यावर. मिक्सर बंद पडलेला दिसतो आणि त्याच्या धातूवर पूर्ण २३० व्होल्ट असतात. नव्या घरात असा एकही जोड दिसला तर काम थांबवा.

पायातल्या सळया अर्थिंगसाठी वापरता येतात का?

येतात, आणि माझ्या मते नव्या घराला याहून चांगला इलेक्ट्रोड (अर्थिंगला जमिनीशी जोडणारा धातू) मिळत नाही. जमिनीला टेकलेले काँक्रीट ओलावा धरून ठेवते आणि त्याचा पसारा कोणत्याही रॉडपेक्षा मोठा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट उफर यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत, दारूगोळ्याच्या कोठारांसाठी ही पद्धत वापरली. ती इतकी टिकाऊ निघाली, की आजही अमेरिकेत तिला त्यांच्या नावाने ओळखतात. जर्मनीत नव्या इमारतींना पायातला अर्थ इलेक्ट्रोड बंधनकारक आहे. अमेरिकन नियमावलीत किमान ६ मीटर लांब आणि सुमारे १३ मिमी जाडीची सळई, भोवती किमान ५० मिमी काँक्रीट, अशी अट आहे.

अडचण एकच: काँक्रीट पडल्यावर ही संधी गेली. फुटिंगच्या सळया बांधून झाल्या की त्या एकमेकींशी नीट जोडलेल्या आहेत याची खात्री करायची, त्यांना एक पट्टी किंवा सळई क्लॅम्पने वा वेल्डिंगने घट्ट जोडायची आणि तिचे टोक मेन बोर्डाच्या जागेजवळ वर काढून ठेवायचे. कॉलमच्या मुख्य सळईला वेल्डिंग करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. टोकावर खुणेची चिठ्ठी बांधा, नाहीतर ती सळई "जास्तीची" म्हणून कापली जाते. ओतण्याआधी फोटो काढून ठेवा.

पायाखाली वॉटरप्रूफिंगचा थर किंवा जाड प्लास्टिक असेल, तर काँक्रीट मातीपासून तुटते आणि हा इलेक्ट्रोड कामाचा राहत नाही. अशा वेळी इमारतीभोवती बाहेरून जमिनीत धातूच्या पट्टीची रिंग घालावी.

पाइप, प्लेट की रॉड?

नीट केले तर तिन्ही चालतात. भारतीय मानक आयएस ३०४३ नुसार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किमान ३८ मिमी आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांब असावा. प्लेट किमान ६० बाय ६० सेंटिमीटर असावी आणि तिची वरची कड जमिनीखाली किमान १.५ मीटर असावी.

जाडीपेक्षा खोली महत्त्वाची. मातीची रोधकता (करंटला अडवण्याचा गुण) १०० ओहम-मीटर असेल, तर १६ मिमी जाडीचा ३ मीटर रॉड साधारण ३३ ओहम देतो. जाडी दुप्पट करा, रोध उतरून ३० होतो. लांबी दुप्पट करा, १९ च्या खाली येतो. जाड पाइपसाठी जादा पैसे मागणाऱ्याला हा हिशेब दाखवा. खोलवर ओलही टिकते, त्यामुळे उन्हाळ्यातले आकडे फार बिघडत नाहीत.

खाली खडक लागला तर?

उभे जाता येत नसेल तर आडवे जा: चर खणून पट्टी पुरा. किंवा दोन-तीन रॉड ठोका, पण एकमेकांपासून किमान रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर, शक्यतो दुप्पट. शेजारी-शेजारी ठोकलेले दोन रॉड जवळपास एका रॉडइतकेच काम करतात.

मीठ-कोळसा घालायचा का?

मिठाने रोध उतरतो हे खरे. पण मीठ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि असते तोवर जीआय पाइप खात राहते. काही वर्षांनी खड्डा उघडला तर पाइपची चाळण झालेली सापडते. बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती वापरणे कितीतरी चांगले.

रोध किती ओहम असावा?

एकच जादूचा आकडा नाही. अमेरिकन नियमावलीत एका रॉडचा रोध २५ ओहमपेक्षा जास्त असेल तर दुसरा इलेक्ट्रोड जोडायला सांगितले आहे. टीटी पद्धतीत आंतरराष्ट्रीय नियम असा, की खड्ड्याचा रोध गुणिले आरसीसीबीचा करंट हा गुणाकार ५० व्होल्टच्या वर जाऊ नये. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला या हिशेबाने १,६६७ ओहमही चालतात. पण इतका मोठा रोध स्थिर राहत नाही. माती वाळली की कुठल्या कुठे जातो. त्यामुळे १०० ओहमच्या आत, आणि साधेल तिथे २० च्या आत, हे लक्ष्य ठेवा. ते गाठल्यावर दुसऱ्या खड्ड्याचे पैसे चांगल्या आरसीसीबीवर घाला.

अर्थची वायर किती जाडीची?

तांब्याची असेल तर फेजची वायर १६ चौरस मिमीपर्यंत असताना अर्थ तितक्याच जाडीची. फेज १६ ते ३५ असेल तर अर्थ १६. त्यावर निम्मी. पाइपांच्या मुख्य बाँडिंगची वायर किमान ६ चौरस मिमी. रंग हिरवा-पिवळा, आणि तो रंग दुसऱ्या कशालाही नाही.

अर्थच्या वाटेत फ्यूज नाही, स्विच नाही. प्रत्येक सर्किटची अर्थ वायर बारवर स्वतंत्र स्क्रूखाली यावी. तांबे आणि ॲल्युमिनियम किंवा जीआय यांचा थेट जोड ओल लागली की गंजतो. तिथे योग्य बायमेटल लग वापरा. आणखी एक बारीक गोष्ट: पायातल्या सळयांशी जोडलेली उघडी जीआय पट्टी मातीत पुरली तर ती लवकर गंजते, कारण काँक्रीटमधले पोलाद रासायनिकदृष्ट्या तांब्यासारखे वागते. मातीतला भाग स्टेनलेस स्टीलचा किंवा तांब्याचा ठेवा.

बाँडिंग नेमके कशाकशाला करायचे?

बाहेरून घरात येणाऱ्या धातूच्या प्रत्येक गोष्टीला, आणि शक्यतो ती जिथे आत शिरते तिथेच. पाण्याचा धातूचा पाइप, गॅसचा पाइप, पोलादी खांब किंवा छताचा सांगाडा, केबलचे आवरण. गॅसच्या पाइपला बाँडिंग करायचे, पण त्याला इलेक्ट्रोड म्हणून कधीच वापरायचे नाही. पाण्याच्या पाइपवरही एकमेव अर्थ म्हणून विसंबू नका. उद्या प्लंबर मधला एक तुकडा प्लास्टिकचा टाकेल आणि तुमचा अर्थ गेला.

आमचे सगळे पाइप प्लास्टिकचे आहेत.

मग त्यांना बाँडिंग नको. प्लास्टिकच्या पाइपच्या टोकाला असलेल्या धातूच्या नळालाही नको. गीझरच्या सांगाड्याला मात्र त्याच्या सर्किटची अर्थ वायर हवीच.

कॉम्प्युटर आणि टीव्हीसाठी वेगळा खड्डा सांगतात. खणू का?

वेगळा खणायला हरकत नाही, वेगळा ठेवायला आहे. जवळपास वीज पडली किंवा मोठा फॉल्ट झाला की दोन सुट्या खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो आणि तो तुमच्या नाजूक उपकरणाच्या आरपार जातो. एका घरात जितके इलेक्ट्रोड असतील, तितके सगळे मेन अर्थ बारशी जोडलेले हवेत. वीजवाहकाचे (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचे), सोलरचे, डिशचे, सगळ्यांचे.

अर्थिंग केले म्हणजे वीज पडण्यापासूनही संरक्षण मिळाले का?

नाही. त्यासाठी वीजवाहक वेगळा, आणि तारांमधून येणारा झटका अडवायला मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर. सर्ज प्रोटेक्टरच्या जोडणीच्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. वायर वेटोळे करून ठेवली तर तो असून नसल्यासारखा.

सोलर आणि जनरेटर नंतर बसवणार आहोत. आत्ताच काय करून ठेवावे?

छतापर्यंत एक अर्थ कंडक्टर नेऊन ठेवा; पॅनेलचे सांगाडे त्याला जोडले जातील. जनरेटरबाबत चेंजओव्हर स्विच कोणता आहे ते महत्त्वाचे. स्विच न्यूट्रलही तोडत असेल, तर जनरेटरच्या बाजूला त्याचा स्वतःचा न्यूट्रल-अर्थ जोड लागतो. तो नसेल तर जनरेटरवर घर चालताना आरसीसीबीला फॉल्ट दिसतच नाही. न्यूट्रल तोडत नसेल, तर असा दुसरा जोड करायचा नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरला आणि सोलर इन्व्हर्टरला आरसीसीबीचा कोणता प्रकार चालतो हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहा. साधा एसी प्रकार तिथे पुरत नाही.

आरसीसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो, काढून टाकू.

काढू देऊ नका. तो पडतो म्हणजे कुठेतरी करंट गळतो आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. नव्या घरात दुसरे कारण फार आढळते: एका आरसीसीबीखालच्या फेजचा न्यूट्रल दुसऱ्याच्या बारवर गेलेला असतो. सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू करा. एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागला आहे. एमसीबी एकच पोलचा असल्याने न्यूट्रल जोडलेलाच राहतो. भिंतीत खिळा ठोकलेली जागा आणि बाहेरच्या दिव्यांत शिरलेले पाणी आधी तपासा. संपूर्ण घर एकाच आरसीसीबीवर न ठेवता दोन-तीन गटांत वाटले, तर शोध सोपा होतो आणि एका दोषाने सगळे घर अंधारात जात नाही.

टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला, लख्ख पेटला. म्हणजे अर्थिंग उत्तम ना?

त्याने काहीच सिद्ध होत नाही. ६० वॉटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध जवळपास ८८० ओहम. खड्ड्याचा रोध १०० ओहम असला तरी बल्बच्या प्रकाशात फारसा फरक दिसणार नाही. आणि चांगला आरसीसीबी असलेल्या घरात तो बल्ब पेटण्याआधीच पुरवठा गेलेला असेल. अर्थिंग मोजायचे ते अर्थ टेस्टरने आणि लूप इम्पिडन्स (फॉल्टच्या करंटच्या पूर्ण वाटेचा रोध) मीटरने.

ताबा घेण्याआधी कोणत्या चाचण्या मागायच्या?

पुरवठा देण्याआधी प्रत्येक सॉकेटपासून मेन बारपर्यंत अर्थ वायर अखंड आहे का, ते. वायरींचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र). किमान १ मेगाओहम हवे, नव्या वायरिंगमध्ये त्याहून बरेच जास्त येते. फेज-न्यूट्रल उलटे लागलेले नाहीत ना, ते. खड्ड्याचा रोध, बारपासून सोडवून मोजलेला. पुरवठा आल्यावर लूप इम्पिडन्स आणि आरसीसीबी किती मिलीसेकंदांत पडतो, ते. हे सगळे आकडे तारखेसह कागदावर घ्या. "सगळे ओके आहे" हा अहवाल नव्हे.

त्यानंतर?

आरसीसीबीचे टेस्ट बटण काही महिन्यांनी दाबत राहा. बटण दाबून तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदला. बटण फक्त यंत्रणा तपासते, अर्थिंग नाही, म्हणून खड्ड्याचा रोध दर काही वर्षांनी, उन्हाळ्याच्या शेवटी, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजून घ्या आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. खड्ड्याच्या चेंबरवर फरशी किंवा बागेची माती येऊ देऊ नका. आतला जोड उघडून पाहता आला पाहिजे.